घोट्याजवळची सुई आणि लघवीची घाई: साठीनंतरच्या स्त्रियांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघवी लागली की दोन मिनिटंही थांबवत नाही. वय झालं की असं होणारच ना?

नाही. वयानुसार मूत्राशय थोडं कुरकुरू लागतं हे खरं, पण अचानक अनावर घाई होणं, दिवसातून ८ पेक्षा जास्त वेळा जावं लागणं, रात्री दोन-तीनदा उठणं आणि संडासापर्यंत पोहोचण्याआधी कपडे ओले होणं, याला आजाराचं नाव आहे: ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर, म्हणजे अतिसक्रिय मूत्राशय. मूत्राशय पूर्ण भरण्याआधीच त्याचा स्नायू आकुंचन पावू लागतो, किंवा भरल्याची खबर मेंदूला गरजेपेक्षा लवकर आणि जोरात जाते. निरोगी मूत्राशयात ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी आरामात मावते. या त्रासात शंभर-दीडशे मिलिलिटरलाच धावपळ सुरू होते.

लग्नाला जाणं, एसटीचा प्रवास, देवळातल्या रांगा, सगळं हळूहळू बंद होतं आणि घरच्यांना कारणही कळत नाही. अनेक जणी पाणी पिणंच सोडतात. त्याने लघवी घट्ट होते, मूत्राशयाची आग वाढते, बद्धकोष्ठता होते आणि घाई आणखी वाढते. या घाईवरचा एक उपचार म्हणजे घोट्याजवळच्या नसेला बारीक सुईतून मंद वीज देणं. पुढचे प्रश्न मुख्यतः त्याबद्दल आहेत.

माझी लघवी खोकताना, शिंकताना, वजन उचलताना जाते. मला हा उपचार चालेल?

त्या प्रकारात उपयोग होत नाही. तिथे मूत्रमार्गाला खालून मिळणारा आधार सैल झालेला असतो. त्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, योनीत बसवायची पेसरी नावाची आधाराची कडी किंवा शस्त्रक्रिया असते. बऱ्याच जणींना दोन्ही प्रकार एकत्र असतात. मग कोणता जास्त छळतो ते आधी ठरवायचं. घाईचा भाग नसेच्या उत्तेजनाने कमी होईल, खोकल्याचा भाग तसाच राहील. हे आधी माहीत नसलं की चांगला गुण येऊनही ‘काही उपयोग नाही’ असं वाटतं.

पायाच्या घोट्याला सुई टोचून मूत्राशयावर परिणाम कसा होतो?

घोट्याच्या आतल्या बाजूने टिबियल नावाची नस तळपायाकडे जाते. तिचे धागे कमरेच्या चौथ्या पातळीपासून त्रिकास्थीच्या, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या, तिसऱ्या पातळीपर्यंतच्या मज्जातंतूंमधून आलेले असतात. मूत्राशयाला हुकूम देणारे आणि त्याची खबर वर नेणारे धागे त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या पातळीवरचे. दोन्हींचा मज्जारज्जूतला रस्ता बराचसा एकच. टिबियल नसेतून मंद, नियमित विजेचे ठोके वर गेले की त्या सामायिक ठिकाणी मूत्राशयाच्या अवेळी हाकांना आळा बसतो. हा आळा एका बैठकीत बसत नाही. आठवड्यामागून आठवडे तोच संकेत मिळाला की मग मज्जासंस्थेची सवय बदलते, म्हणूनच हा उपचार इतका सावकाश आहे.

ही जागा नवी नाही. चिनी अ‍ॅक्युपंक्चरमध्ये घोट्याच्या वरचा सान्यिनज्याव हा बिंदू लघवीच्या तक्रारींसाठी फार पूर्वीपासून वापरला जातो. १९८३ मध्ये अमेरिकेतले मूत्रविकारतज्ज्ञ एडवर्ड मॅग्वायर यांनी या नसेवर त्वचेवरून वीज देऊन पाहिली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या मार्शल स्टोलर यांनी सुईची आजची पद्धत घडवली. तिला पर्क्युटेनियस टिबियल नर्व्ह स्टिम्युलेशन, थोडक्यात पीटीएनएस म्हणतात.

याचा खरंच पुरावा आहे, की मनाचं समाधान?

प्रश्न रास्त आहे, कारण या आजारात नुसत्या लक्ष देण्यानेही थोडा गुण येतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमिट नावाच्या अमेरिकन चाचणीत २२० रुग्ण होते. निम्म्यांना खरा उपचार मिळाला, निम्म्यांना अगदी तसाच दिसणारा खोटा. १२ बैठकींनंतर ठळक सुधारणा सांगणारे खऱ्या गटात सुमारे ५५ टक्के होते, खोट्या गटात सुमारे २१ टक्के. म्हणजे गुण खरा आहे, पण सगळ्यांना येत नाही. शंभर टक्के खात्री देणारा कोणी भेटला तर तिथे पैसे भरू नका.

सुरुवातीला कोणत्या तपासण्या हव्यात?

आमच्या मते उपचाराचं निम्मं यश इथे ठरतं. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर आधी. जंतुसंसर्ग असेल तर घाई त्याचीच असते. रक्तातली साखर पाहायची, कारण साखर वाढलेली असली की लघवीच जास्त तयार होते. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते मोजायचं. १५०-२०० मिलिलिटरपेक्षा जास्त उरत असेल तर त्याचं कारण आधी शोधायचं. अंग बाहेर येत आहे का, योनीची त्वचा कोरडी पडली आहे का, हे तपासायचं. रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणात योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमनेही घाई कमी होते, आणि हा सोपा उपाय फार वेळा राहून जातो. लघवीतून रक्त गेलं असेल तर बाकी सगळं थांबवून आधी मूत्रविकारतज्ज्ञांकडे जा.

शिवाय तीन दिवसांची लघवीची डायरी. औषधाच्या दुकानात मिळणारा मापाच्या खुणांचा प्लास्टिकचा मग घ्या. प्रत्येक वेळी किती वाजता, किती मिलिलिटर, घाई किती होती, कपडे ओले झाले का, आणि काय किती प्यायलं, हे लिहा. तिन्ही दिवस सलग नसले तरी चालतं, पण एखादा बाहेर जाण्याचा दिवस त्यात असू द्या. ही वही नसेल तर बाराव्या आठवड्यात गुण आला की नाही यावर घरात नुसती चर्चा होते.

गोळ्या असताना सुई कशाला?

गोळ्यांनी बऱ्याच जणींना गुण येतो. मात्र सोलिफेनॅसिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन या गटाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होते, नजर धूसर होते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला गोंधळल्यासारखं होऊ शकतं. दीर्घकाळ वापर आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. आधीच विसरायला होत असेल, झोपेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या गोळ्या चालू असतील, तर हे ओझं आणखी वाढतं. मिराबेग्रॉन या दुसऱ्या गटाच्या गोळीने तोंड तितकं कोरडं पडत नाही आणि डोक्यावर तसा परिणाम होत नाही, पण रक्तदाब वाढू शकतो. फार चढलेला, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ती देत नाहीत.

आधी गोळ्या, त्या फसल्या की पुढचं, अशी पायरी पूर्वी ठरलेली होती. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती सक्ती काढून टाकली. वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

एका बैठकीत नेमकं काय करतात?

तुम्ही खुर्चीत किंवा पलंगावर पाय थोडा उंच, गुडघा किंचित वाकवून आरामात बसता. घोट्याच्या आतल्या हाडाच्या टोकापासून तीन बोटं वर, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर, आणि नडगीच्या हाडाच्या कडेपासून एक बोट मागे, अशी जागा धरतात. ती स्पिरिटने पुसून ३४ गेजची सुई साधारण ६० अंशांच्या तिरक्या कोनात २ ते ४ सेंटिमीटर आत सरकवतात. ही सुई इन्सुलिनच्या सुईपेक्षाही बारीक असते. त्याच पायाच्या तळव्याला, आतल्या कमानीपाशी, एक चिकटपट्टी लावतात. दोन्ही तारा लहान यंत्राला जोडतात.

मग वीज अर्धा-अर्धा मिलिअँपिअरने वाढवतात, जास्तीत जास्त ९ पर्यंत. ठोके सेकंदाला २०, प्रत्येकाची रुंदी २०० मायक्रोसेकंद. जागा बरोबर लागली असेल तर अंगठा आपोआप खाली वळतो, किंवा बोटं पंख्यासारखी पसरतात, किंवा तळव्यात मुंग्या जातात. एवढं दिसलं की वीज सहन होईल इतकी ठेवून ३० मिनिटं बसायचं. आठवड्यातून एकदा, असे १२ आठवडे.

सुई दुखते का?

मुंगी चावल्याएवढी. आत गेल्यावर दुखत नाही. सुई असलेल्या जागीच जळजळ होत असेल तर ती बहुधा फार वरवर आहे. हाडावर टोचल्यासारखी खोल कळ आली तर ती नडगीला लागली आहे. दोन्ही वेळा दात-ओठ खात बसू नका, लगेच सांगा. सुई थोडी मागे घेऊन दिशा बदलायची असते. नंतर त्या जागी एखादा रक्ताचा थेंब, निळा डाग किंवा दिवसभराची ठणक, इतकंच बहुतेकींना होतं.

येताना काय तयारी करावी?

त्या पायातलं पैंजण काढून ठेवा. जोडवी राहिली तरी चालतात. परकर किंवा सलवार गुडघ्यापर्यंत सहज वर जाईल अशी असू द्या. आदल्या रात्री काशाच्या वाटीने तळपायाला तेल-तूप चोळण्याची सवय असेल तर त्या रात्री टाळा, कारण तेलकट तळव्याला पट्टी नीट चिकटत नाही आणि मग एका कोपऱ्यातूनच वीज जाऊन चटके बसतात. भेगांवरचं मलमही त्या दिवशी नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. बसण्याआधी लघवीला जाऊन या. सुई नवी, बंद पाकिटातून काढलेली आहे ना, हे बघून घ्यायला संकोच नको.

फरक कधी जाणवतो?

बहुतेकींना सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास, काहींना दहाव्यानंतर. आधी रात्रीचं एखादं उठणं कमी होतं किंवा ‘आता जायलाच हवं’ ही हाक थोडी मवाळ होते. कपडे ओले होणं त्यानंतर कमी होतं. चौथ्या आठवड्याला ‘काहीच नाही’ म्हणून सोडून देणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण तोवर पैसे आणि खेपा खर्ची पडलेल्या असतात आणि गुणाची वेळ आलेलीच नसते.

१२ पूर्ण केल्या, तरी गुण नाही. काय चुकलं असेल?

पहिला संशय जागेचा. अंगठा हलत नाही, तळव्यात मुंग्या नाहीत, नुसती घोट्याला टकटक जाणवते, अशा बैठका झाल्या असतील तर नसेपर्यंत वीज पोहोचलीच नव्हती. घोट्याला सूज असेल तर नस खोल जाते आणि सुई कमी पडते. त्या दिवशी पाय तासभर उंच ठेवून यावं किंवा दुसरा पाय घ्यावा.

दुसरं कारण, वीज हळूहळू जाणवेनाशी होणं. पहिल्या दहा मिनिटांत शरीराला सवय होते आणि संवेदना विझते. तेव्हा ती अर्ध्या मिलिअँपिअरने वाढवून घ्यायची असते, पण अर्धा तास यंत्राकडे कोणी फिरकतच नाही. रुग्णाने स्वतः हाक मारावी.

तिसरं, जुना मधुमेह. पायाच्या नसा बधिर झालेल्या असतील तर संकेत वर नीट जात नाही. सुरू करण्याआधी तळव्याची संवेदना तपासायला हवी. चौथं, बद्धकोष्ठता. भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबत असताना कुठलाच उपचार पूर्ण फळत नाही. आणि पाचवं, निदानच वेगळं असणं.

गुण आला. आता थांबवलं तर?

काही आठवड्यांत ते काही महिन्यांत त्रास परत येऊ लागतो. म्हणून १२ नंतर अंतर वाढवत नेतात: दोन आठवड्यांनी दोनदा, मग तीन आठवड्यांनी, मग महिन्याने. पहिल्या टप्प्यात गुण आलेल्यांचा ३ वर्षं पाठपुरावा केलेल्या अमेरिकन अभ्यासात महिन्याला सरासरी एखादी बैठक पुरली. नेमकं अंतर प्रत्येकीचं वेगळं. डायरीतल्या आकड्यांवरून ठरवा, कॅलेंडरवरून नको.

एखादी बैठक चुकली तर पुन्हा पहिल्यापासून का?

नाही. पुढच्या आठवड्यात चालू ठेवा आणि शेवटी एक वाढवा. सलग तीन-चार चुकल्या तर डॉक्टरांशी बोला.

हा उपचार कोणी घेऊ नये?

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं डिफिब्रिलेटर असेल तर नाही. रक्तस्रावाचा आजार असेल तर नाही. टिबियल नसेला किंवा ओटीपोटाच्या नसांना मोठी इजा झालेली असेल तर नाही. सुईच्या जागी जखम, इसब किंवा पिकलेली त्वचा असेल तर ती बरी होईपर्यंत थांबा. गुडघ्याचा सांधा बदललेला असेल, पायात रॉड किंवा प्लेट असेल, तर आधी सांगा. शक्य असेल तेव्हा दुसरा पाय वापरतात.

दर आठवड्याला शहरात जाणं जमत नाही. घरी टेन्सच्या मशीनवर होईल का?

होऊ शकतं, आणि तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांसाठी हाच व्यवहार्य मार्ग आहे. फिजिओथेरपीचं तेच मशीन, ज्याने गुडघे-कंबर शेकतात असं लोक म्हणतात. सुई नसते, दोन चिकटपट्ट्या असतात. एक घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे, खोलगट जागेत. दुसरी तिच्यापासून साधारण १० सेंटिमीटर वर, पायाच्या आतल्याच बाजूला. ‘रेट’च्या बटणावर १० ते २०, ‘विड्थ’च्या बटणावर २००, मोड सलग ठोक्यांचा, मध्येच थांबून सुटणारा बर्स्टचा मोड नको. मग ‘इंटेन्सिटी’ हळूहळू वाढवा, अंगठा हलेपर्यंत किंवा तळव्यात मुंग्या येईपर्यंत. हललेला अंगठा ही जागा बरोबर असल्याची खूण. ती एकदा पाहून वीज दुखणार नाही इतकी खाली आणा. ३० मिनिटं, रोज किंवा आठवड्यातून किमान तीनदा, १२ आठवडे.

पहिल्या एक-दोन वेळा फिजिओथेरपिस्टसमोर करा आणि पट्ट्यांच्या कडा त्वचेवर पेनाने आखून घ्या. नातवंडांच्या मदतीने मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर आणखी सोपं. पट्ट्या साधारण २०-३० वापरांनंतर कोरड्या पडतात. चिकटपणा गेला की टोचल्यासारखं होतं, तेव्हा बदला. लावण्याआधी पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. नंतर त्वचा लाल दिसली आणि तासाभरात गेली तर ठीक, पुरळ राहिलं तर थांबा. पेसमेकरवाल्यांनी घरीही हे करायचं नाही. छातीवर, मानेवर पट्टी कधीच लावू नका.

आईला स्मृतिभ्रंश आहे, पॅड वापरतो. तिला याने फायदा होईल?

आम्ही फारशी आशा लावणार नाही. ब्रिटनमध्ये वृद्धनिवासांतल्या ४०६ रहिवाशांवर झालेल्या इलेक्ट्रिक नावाच्या चाचणीत घोट्यावर त्वचेवरून वीज आठवड्यातून दोनदा, एकूण १२ वेळा दिली. २०२१ मध्ये निकाल आला: खोट्या उपचाराच्या तुलनेत लघवी गळणं कमी झालं नाही. ज्यांना घाई कळून सांगता येते, स्वतः चालत जाता येतं, त्यांच्यातला गुण आणि अशा अवस्थेतला गुण एक नाही. तिथे दर दोन तासांनी आठवण करून संडासला नेणं, वाटेतली अडचण दूर करणं, गाठीच्या नाडीऐवजी इलॅस्टिकचे कपडे आणि त्वचेची निगा हेच जास्त कामाचं.

रात्री चार वेळा उठते. हे थांबेल?

डायरीत रात्रीची आणि सकाळच्या पहिल्या वेळेची लघवी जोडा. ती २४ तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल, समजा १५०० पैकी ७०० मिलिलिटर, तर दोष मूत्राशयाचा नाही. रात्री लघवी तयारच जास्त होते आहे. दिवसभर पायावर उतरलेली सूज आडवं पडल्यावर रक्तात परतते, किंवा घोरताना श्वास अडकतो, किंवा हृदयाचा त्रास असतो. नसेला वीज देऊन याला उतारा नाही. दुपारी तासभर पाय उंच ठेवणं, संध्याकाळी सहानंतर चहा बंद, लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलणं, याने बऱ्याचदा दोन खेपा कमी होतात. पलंग ते संडास या वाटेवर रात्रीचा दिवा लावा. अंधारात घाईने उठताना पडून खुब्याचं हाड मोडणं हा या आजाराचा सगळ्यात महाग परिणाम आहे.

पाठीत बसवायचं यंत्र यापेक्षा वेगळं असतं का?

हो. त्याला सॅक्रल न्यूरोमॉड्युलेशन म्हणतात. अमेरिकेत १९९७ पासून मान्यता आहे. त्रिकास्थीच्या तिसऱ्या छिद्रातून चार टोकांची बारीक तार नसेशेजारी ठेवतात. जागा बरोबर लागली की गुदद्वाराभोवती ओढ जाणवते आणि पायाचा अंगठा वळतो. आधी तार बाहेरच्या यंत्राला जोडून एक-दोन आठवडे चाचणी. डायरीत त्रास निम्म्याने किंवा जास्त कमी झाला तरच नितंबाच्या वरच्या भागात त्वचेखाली बॅटरी बसवतात. ही चाचणीची सोय या उपचाराची मोठी जमेची बाजू आहे. उणे बाजू: खर्च काही लाखांत, जंतुसंसर्ग, तार सरकणं, बॅटरीच्या जागी दुखणं, पुन्हा शस्त्रक्रिया. चार्ज होणारी बॅटरी १५ वर्षांच्या आसपास चालते, पण चार्जरचा पट्टा पाठीमागे नेमक्या जागी धरावा लागतो. बोटं संधिवाताने वाकलेली असतील तर न चार्ज होणारी बरी. पुढे एमआरआय लागू शकतो, तेव्हा आपलं मॉडेल त्याला चालतं का हे लिहून घ्या.

घोट्यातच बसवायची लहान यंत्रंही अमेरिकेत आली आहेत. नाण्याएवढ्या ई-कॉइनला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, रेव्हीला २०२३ मध्ये.

मग बोटॉक्स?

हे स्नायू सैल करणारं इंजेक्शन. मूत्राशयाच्या आतून १०० युनिट, दुर्बिणीतून. आठवडाभरात गुण, साधारण सहा महिने टिकतो. मात्र शंभरातल्या पाच-सहा जणींना काही काळ स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते, आणि जंतुसंसर्ग वाढतात. हात थरथरत असतील, घरी मदत नसेल, तर हा धोका आधी तोलून बघा. घोट्याच्या उपचारात नळीचा प्रश्नच येत नाही.

बारा आठवडे नुसतं बसून वाट बघायची?

नाही. घाईची लाट आली की धावू नका. जागीच थांबा, शक्य असेल तर बसा, ओटीपोटाचा तळ पाच-सहा वेळा पटापट आवळा-सोडा, लाट ओसरली की शांतपणे चाला. दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवा. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव घ्या, चहा दोन कपांवर आणा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांचं.

खर्च विम्यात बसतो का?

भरती न होता घेतलेले उपचार बहुतेक पॉलिसींत येत नाहीत. पहिल्या बैठकीआधीच विमा कंपनीला लेखी विचारा, आणि दवाखान्यात १२ बैठकींचा एकत्र आकडा मागा. सुईचे पैसे त्यात धरले आहेत का, हेही.

उपचार चालू असताना कधी लगेच दाखवायचं?

लघवीतून रक्त, ताप येऊन कमरेत दुखणं, लघवी पूर्ण अडणं, किंवा सुईच्या जागी वाढती लाली आणि पू. पायात अचानक ताकद कमी वाटली किंवा गुप्तांगाभोवती बधिरपणा आला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, कारण तो कण्यातल्या दाबाचा इशारा असू शकतो.